बोलकं सामान

अबोल माणूस सामानाचं वजन किलोत मोजत नाही. त्यापायी किती अनोळखी लोकांशी बोलावं लागेल, यावर तो ते मोजतो. अंबाजोगाईहून संभाजीनगरला जाणाऱ्या एसटीत मांडीवर मावेल एवढी शबनम असली, की तोंड उघडायचं ते तिकिटापुरतं. एक गाठोडं वाढलं, की "जरा पाय घेता का?" म्हणावं लागतं. मग समोरून "कोणत्या गावचे?" येतंच. गावावरून आडनाव, आडनावावरून सोयरीक, आणि केज यायच्या आत शेजाऱ्याच्या भाच्यासाठी मुलगी बघायचं काम आपल्या गळ्यात.

17 सप्टेंबर 2025 ला अहिल्यानगरहून बीडपर्यंत रेल्वे आली. जिल्ह्यानं तिची वर्षानुवर्षं वाट पाहिली, आनंद मलाही झाला. पण गाडीत समोरासमोर बाकं! एसटीत निदान सगळ्यांची तोंडं ड्रायव्हरकडे असतात.

सुटसुटीत प्रवासाचा विचार आला की मला अंबाजोगाईचे दासोपंत (1551–1615) आठवतात. त्यांनी 'पंचीकरण' लिहिलं ते पासोडीवर, म्हणजे अंगावर घ्यायच्या जाड्याभरड्या कापडावर. वाचायला ग्रंथ आणि पांघरायला चादर, एकाच घडीत! पंतांच्या मनात असलं काही नसणार, पण डोक्यावरून ग्रंथ ओढून बसलेल्या माणसाला गाव कोण विचारील?

दसरा-दिवाळीच्या सुमारास याच रस्त्यांनी ऊसतोड कामगारांचे ट्रॅक्टर जातात. ट्रॉलीत भांडी, पीठ-मीठ, कोंबड्या, पोरं. निम्म्या वर्षाचा संसार. त्यांच्यादेखत कमी सामानाचा शौक मिरवायला जीभ रेटत नाही.

माझ्या शबनमचा खरा वैरी म्हणजे मावशीचं सीताफळ. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, पण पिशवीत गप्प बसायचं वळण नाही. डोळे उघडलेलं फळ तळाशी ठेवलं तर चेपतं, वर ठेवलं तर घमघमतं. गतिरोधकावर गाडी उडाली की मी दोन्ही हातांनी पिशवी तान्ह्या बाळासारखी उचलून धरतो. सगळी गाडी बघते. "बालाघाटातली का? काय भाव लावला?"

मावशीला हे समजावणं अवघड. "एवढ्यानं काय ओझं होतंय?" म्हणत ती चेन लावते, पुन्हा उघडते, आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा कोंबते.

"हा तेवढा तुझ्या मामेबहिणीकडे दे. अन् नुसता दारातून देऊन पळू नकोस, जेवून जा. मी फोन करून ठेवलाय."