सुडोमधल्या एका ओळीस अनावृत पत्र

ओळीबाई,

जुलै २०११ मध्ये तू सुडोच्या सी-कोडमध्ये येऊन बसलीस, ती जानेवारी २०२१ मध्ये क्वालिसच्या संशोधकांनी तुझ्यावर बोट ठेवेपर्यंत हललीच नाहीस. तेही कुठे? रूटचे अधिकार कोणाला द्यायचे हे ठरवणाऱ्या प्रोग्रॅमच्या पोटात!

काम ते केवढं? कमांडमधला बॅकस्लॅश टाकायचा आणि पुढचं अक्षर उचलायचं. पुढे स्पेस आहे का, एवढं तू पाहत होतीस. पुढे काहीच नसेल तर काय, हे मात्र पाहिलं नाहीस. सी-मध्ये स्ट्रिंगची लांबी कुठे नोंदलेली नसते. शेवटचा शून्य-बाइट हीच तिची हद्द. आर्ग्युमेंट एकट्या बॅकस्लॅशवर संपलं की तू त्या शून्यालाच अक्षर समजून उचलायचीस, हद्द ओलांडायचीस आणि पुढचं शून्य भेटेपर्यंत दिसेल ते हीपमधल्या बफरमध्ये ओतायचीस. बफर मागवलेला असायचा आर्ग्युमेंटांच्या खऱ्या लांबीपुरता. आणि आर्ग्युमेंटांच्या पलीकडे लिनक्स काय ठेवतं? एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स, म्हणजे हल्लेखोराने स्वतः लिहिलेला मजकूर. किती सांडायचं आणि काय सांडायचं, दोन्ही तूच त्याच्या हाती दिलंस. पासवर्ड न देता साधा वापरकर्ता रूट होऊ शकत होता.

तुझा बचाव मला ठाऊक आहे. कमांड वाचणारं आधीचं फंक्शन प्रत्येक बॅकस्लॅशपुढे आणखी एक बॅकस्लॅश घालतं, मग एकटा येईलच कसा? अगं, ते फंक्शन दुसऱ्या फाइलमध्ये, त्याची अट वेगळी. सुडोएडिटला ‘-एस’ देऊन चालवलं की ते बॅकस्लॅश घालत नाही, तू मात्र काढायला हजर. शेजारी दाराला कडी लावतो म्हणून आपलं दार सताड उघडं टाकायचं?

१.९.५पी२ या आवृत्तीत तुझ्यापुढे शून्याची तपासणी आली. तरी माझा राग गेलेला नाही, कारण ऑपरेटिंग सिस्टिमच्या तासाला मुलं छोटा शेल लिहितात आणि त्यांच्या कोडमध्ये तुझ्याच बहिणी निघतात: बॅकस्लॅश दिसला, पॉइंटर दोन घरं पुढे! चाचणीला ती मुलं अवतरणचिन्हं देतात, स्पेस देतात, नवी ओळही देतात. शेवटी एकटा बॅकस्लॅश कोणी देत नाही. माझ्या वर्गात आता पहिली चाचणी तीच असते, आणि ती ॲड्रेस सॅनिटायझर लावूनच चालवायची.

सी शिकवणारी एक