कार्यवाह आप्पा

लालबाग-परळच्या पट्ट्यात कबड्डीच्या प्रत्येक मंडळाला एक आप्पा असतातच. अध्यक्ष वेगळे, ते फ्लेक्सवरच्या फोटोपुरते. आप्पा कार्यवाह. दर निवडणुकीला ते “आता पोरांनी पुढं यावं” म्हणून राजीनामा देतात, पोरं मागच्या मागे पसार होतात आणि आप्पा बिनविरोध निवडून येतात.

15 जुलै हा बुवा साळवींचा जन्मदिवस राज्यात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. बुवांच्या तसबिरीला हार घातला, की त्याच हाताने आप्पा पावतीपुस्तकं वाटतात. स्पर्धा जानेवारीत असते, पण वर्गणी जमायला तेवढा वेळ लागतोच.

खरे आप्पा बघावेत ते भाग्यपत्रिकेच्या दिवशी. 24 संघ म्हटल्याबरोबर उत्तर तयार : 32 चा तक्ता, 8 जणांना पुढे चाल, एकूण 23 सामने. स्वतःच्या नातवंडांची वयं त्यांना अशी पटकन सांगता येत नाहीत. चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात असतात आणि त्या काढायला चाळीतली पाच वर्षांची मुलगी बसवलेली असते, म्हणजे पक्षपाताचा संशय नको. तरीही एकमेकांचं तोंड न बघणारी शेजारची दोन मंडळं दरवर्षी तक्त्याच्या दोन टोकांना कशी जातात, हे कोडं कुणालाच सुटलेलं नाही. अंतिम सामन्याला गर्दी मात्र तुफान होते.

मैदान 13 बाय 10 मीटरचं. त्यातल्या मातीवर आप्पांचा जीव. चाळणं, पाणी मारणं, रोलर फिरवणं झालं, की पहाटे ते अनवाणी पायांनी एकेक वीत चाचपत फिरतात. तळव्याला काही टोचलं की वाकतात आणि बांगडीची काच, सोडावॉटरचं बूच, चपलेचा खिळा असा ऐवज शर्टाच्या खिशात टाकतात. कुणी म्हणालंच, “आप्पा, हल्ली सगळीकडे मॅट असते”, तर ते मॅटचं भाडं विचारतात आणि आकडा ऐकल्यावर त्यांचं मातीवरचं प्रेम उफाळून येतं.

कुमार गटाची वजनं रद्दीवाल्याच्या काट्यावर होतात. त्या काट्याने जन्मात कधी वजन जास्त दाखवलेलं नाही, त्यामुळे सगळी पोरं पास.

नियमाप्रमाणे पुरुषांचा सामना 20-5-20 मिनिटांचा. आप्पा सुरुवातीच्या फेऱ्या 15-5-15 मध्ये बसवतात, कारण रात्री दहाला भोंगा बंद करावा लागतो आणि पंचांचं जेवण त्याआधी उरकायचं असतं. उपाशी पंचाला निदान रेषा दिसत नाही, हा त्यांचा अनुभव. पंचांपैकी गुरुवार कोण पाळतो, मासे कोण खातो याची नोंद गुणपत्रकाच्या पाठीमागे असते. (पुढल्या बाजूपेक्षा ती अचूक असते.)

प्रमुख पाहुणे नेमके अंतिम सामना 24-23 वर असताना येतात. खेळ थांबतो, ओळखपरेड होते, पाहुणे सातही चढाईपटूंशी हात मिळवतात. त्यातले पाच जण पकडीचे असतात, पण सांगणार कोण? मग भाषण. चौथ्या मिनिटाला आप्पा डाव्या कानाची पाळी ओढतात आणि माईक जातो. प्रकाशझोत मात्र लख्ख असतो. “फेज गेला साहेब!” आप्पा हळहळत पाहुण्यांच्या हातात श्रीफळ ठेवतात.

पुढचा सामना आप्पांनी एकदाही पाहिलेला नाही. शेवटच्या चढाईला अख्खी गॅलरी उभी राहून बेंबीच्या देठापासून ओरडत असते, तेव्हा ते व्यासपीठामागे मंडपवाल्याशी मोडलेल्या खुर्च्यांवरून हुज्जत घालतात. जल्लोष कानावर आला की विचारतात, “कोण रे?” पाकिटावर नाव घालायचं असतं ना.

तेवढ्यात हरलेल्या संघाचा व्यवस्थापक कागद फडकावत येतो. “आप्पा, लॉबी लागली नव्हती, आमची हरकत आहे!”

“घेतो की. लेखी दे आणि अनामत भर.”

“आत्ता पैसे कुठून आणू?”

“मग उपविजेत्याच्या पाकिटातून कापून घेऊ?”

तो कागदाकडे बघतो, पाकिटाकडे बघतो आणि कागदाची घडी घालतो.

“आप्पा, जेवण कुठे ठेवलंय?”

“शाळेच्या व्हरांड्यात. पंचांच्या मागं उभा राहा आणि तोंड बंद ठेव. सुरमईचे तुकडे मोजून आणलेत.”