काका, मला वाचा!

नारायणराव पेशव्यांच्या नावानं वसलेल्या पेठेत राहणाऱ्या माणसानं ‘काका’ अशी हाक ऐकली की खरं तर दचकायला हवं. मी दचकत नाही. १७७३ साली शनिवारवाड्यात त्या हाकेला ओ मिळाली नाही, ती कसर पेठेनं नंतर भरून काढली आहे. आता इथे कुणीही कुणाला काका म्हणतं, प्रत्येक काका ओ देतो आणि वर सल्लाही देतो.

मागच्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या मुलानं मला जिन्यात गाठलं. “काका, माझ्याबद्दल चार ओळी लिहा ना.”

हा मुलगा स्वतंत्र कलाकार आहे. स्वतंत्र म्हणजे पाठीशी कंपनी नाही, मॅनेजर नाही, घराणं नाही. खोलीचं भाडं वडील भरतात. पण देशालाही स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षं बाहेरून गहू आणावा लागला होता, तेव्हा एवढं चालायचंच. त्याचं एक गाणं आहे. शब्द, चाल, गळा, गिटार, ध्वनिमुद्रण सगळं त्याचं. गाण्याच्या चित्रातला पाठमोरा तरुणही तोच.

“एवढं सगळं स्वतः करतोस, मग चार ओळींनीच काय घोडं मारलंय?”

“स्वतःबद्दल स्वतः कसं लिहायचं, काका?”

दुसऱ्या दिवशी दोन पानं घेऊन आला.

शीर्षक होतं ‘माझा सांगीतिक प्रवास’. वय वर्षं तेवीस. पहिल्या परिच्छेदात आजी. मराठी कलाकाराच्या प्रवासात पहिल्या थांब्यावर आजीच उभी असते आणि ती जात्यावर ओव्या म्हणत असते. याची आजी बँकेत होती, रोखपाल. मला नोटा मोजून दिल्यात त्यांनी. दुसऱ्या परिच्छेदात संगीत हा त्याचा श्वास झाला होता, तिसऱ्यात ध्यास, चौथ्यात मी चष्मा काढून ठेवला. दोन पानांत त्या गाण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. ताल कुठला, अंतऱ्यात गिटार अचानक गप्प का होते, गाण्यातल्या, झेड ब्रिजवर बसलेल्या मुलीला कोमल निषाद का लागतो, काही म्हणजे काही नाही.

त्याला हसण्याचा हक्क मला नाही, हेही कबूल करून टाकतो. मैफलींच्या बातम्या लिहिण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्या बातमीला गाणं ऐकावं लागत नसे, पत्रिका पुरे. मैफल ‘उत्तरोत्तर रंगत’ जायची. श्रोते ‘मंत्रमुग्ध’ व्हायचे. नाही झाले तर ‘तृप्त’ व्हायचे. तबल्याची साथ ‘समर्पक’ आणि संवादिनीची ‘अनुरूप’; एकदा चुकून उलटं छापलं गेलं तर दोघांचेही फोन आले. गायक पन्नाशीपर्यंत ‘युवा’ आणि पन्नाशीनंतर थेट ‘ज्येष्ठ’. मधलं वय पुण्यात कुठल्याच गायकाला आलेलं नाही. शेवटी सूत्रसंचालन कुणी केलं आणि आभार कुणी मानले. राग कुठला गायला हे जागेअभावी कापलं जायचं.

“हे असलं लिहून हवंय का तुला?” मी विचारलं.

“हो,” तो म्हणाला. प्रामाणिक आहे पोरगा.

मग मी त्याला खिडकीशी नेलं. अरे, तू कुठल्या पेठेत भाड्यानं राहतोस? हाकेच्या अंतरावर टिळकांचा केसरीवाडा आहे. दुसऱ्याच्या छापखान्यात आपलं म्हणणं छापून येईल म्हणून ती मंडळी वाट बघत बसली नाहीत. जानेवारी १८८१ मध्ये एका आठवड्यात दोन पत्रं काढली, इंग्रजीत ‘मराठा’ आणि मराठीत ‘केसरी’. हा वाडा, तेव्हाचा गायकवाडांचा, टिळकांनी घेतला तो पुढे १९०५ मध्ये. म्हणजे आधी मजकूर, मग जागा. तू आधी खोलीला फोम लावून घेतलास.

आणि परीक्षणच हवं असेल तर लोकमान्यांसारखं हवं. नारायण श्रीपाद राजहंस नावाच्या पोराचं गाणं ऐकून ते ‘बालगंधर्व’ म्हणाले, असं सगळं महाराष्ट्र सांगतं. एका शब्दाचं परीक्षण. त्यात उत्तरोत्तर रंगत नाही, समर्पक साथ नाही. त्या एका शब्दाचं नदीपलीकडे १९६८ साली रंगमंदिर झालं. आम्ही आयुष्यभर तीनशे-तीनशे शब्द लिहिले, त्यातून साधी टपरी उभी राहिली नाही.

“पण माझ्याबद्दल कोण म्हणणार तसं?”

कुणी नाही. म्हणून तर तूच लिही. गाणाऱ्यानं लिहिणं ही काही कालची टूम नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर पार ग्वाल्हेरला जाऊन ख्याल घेऊन आले, दम्यानं जन्मभर बेजार होते. त्यांनी मुंबईत ‘संगीतदर्पण’ नावाचं मासिक चालवलं. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि क्रमिक पुस्तकं हवीत म्हणून छापखानाही घातला. स्वतःची स्वरलिपी, स्वतःची पुस्तकं, स्वतःचं ‘संगीतामृत प्रवाह’ मासिक. याला म्हणतात स्वतंत्र कलाकार! पुढे कर्जापायी विद्यालयाची मुंबईतली इमारत लिलावात गेली, हेही सांगून ठेवतो. नाही तर वडील म्हणायचे, काकांनी पोराला नादी लावलं.

पण माझा खरा लाडका दुसरा विष्णू. विष्णु नारायण भातखंडे, वाळकेश्वरचे, व्यवसायानं वकील. देशभर हिंडून त्यांनी उस्तादांकडून चिजा मिळवल्या. मिळवल्या म्हणजे काय काय केलं असेल ते वकीलच जाणे. तेव्हाचे उस्ताद एक वेळ मुलगी देतील पण अस्ताईनंतरचा अंतरा देणार नाहीत. ही सगळी जुळणी करून १९१० च्या सुमाराला त्यांनी ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ नावाचा ग्रंथ काढला. संस्कृतात, श्लोकबद्ध. त्यावर लेखकाचं नाव भातखंडे नाही. नाव आहे चतुर पंडित.

इथवर ठीक. टोपणनाव कुणीही घेतं. गंमत पुढे आहे. त्यानंतर भातखंड्यांनी मराठीत ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ लिहायला घेतली. चार जाडजूड भाग, शेवटचा यायला १९३२ उजाडलं. सगळी गुरू-शिष्यांची प्रश्नोत्तरं. शिष्य शंका काढतो, गुरुजी निरसन करतात, आणि निरसनाला आधार कुणाचा घेतात? ‘लक्ष्यसंगीता’चा. म्हणजे प्रश्न यांचे, उत्तरं यांची, आणि साक्षीला उभा केलेला थोर ग्रंथकारही हेच. वकिली अशी सत्कारणी लागलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही. वर स्वतः बांधलेल्या लक्षणगीतांतही ‘चतुर’ हीच मुद्रा.

मुलगा उडालाच. “म्हणजे फेक अकाउंट?”

“हो. पण संस्कृतमधलं.”

तो तरातरा वर निघाला. मी ओळखलं, आता हा रात्री एखादा ‘मर्मज्ञ पंडित’ जन्माला घालणार आणि त्याच्याकडून स्वतःला ‘युवा’ म्हणवून घेणार. परत बोलावलं. बाबा रे, चतुर पंडितानं भातखंड्यांच्या आवाजाचं कौतुक केलेलं नाही. त्यानं राग दहा थाटांत लावले, अमक्या रागात अमका स्वर घेतात की टाळतात यावर पानंच्या पानं खर्ची घातली. ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत तर दुसऱ्यांच्या चिजा भरल्या आहेत, स्वरलिपीसकट. या स्वरलिपीवरूनही दोन विष्णूंचं जमलं नाही. याची चिन्हं वेगळी, त्याची वेगळी. मराठी माणसं, दुसरं काय. पण ‘संगीत माझा श्वास आहे’ असं दोघांपैकी कुणी लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही. बाळकृष्णबुवांनी लिहिलं असतं तर शोभलं असतं, त्यांना खरोखर दमा होता.

केशवराव भोळ्यांचंही सांगायचं होतं. ‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’ला, ‘कुंकू’ला संगीत देणारा माणूस, आणि समकालीन गायकांवर टोपणनावानं असं लिहायचा की वाचणाऱ्याला गळा दिसावा. पण मुलाचा फोन वाजला. बहुधा त्याची तिसऱ्या थांब्यावरची प्रेरणा असावी.

जाता जाता म्हणाला, “काका, सगळं खरं, पण वाचणार कोण?”

हा प्रश्न मात्र या पेठेत विचारू नये. इथे वाचणाऱ्यांची टंचाई नाही. गल्लीगल्लीत अभ्यासिका आहेत, रात्री बारा-बारा वाजेपर्यंत पोरं वाचत असतात. आता ती राज्यघटना वाचतात आणि चालू घडामोडी वाचतात, ही गोष्ट वेगळी. मी म्हटलं, एक पान लिही, झेरॉक्स काढ, मेसच्या भिंतीवर लाव. पोळी यायला वेळ लागतो तेव्हा माणूस भिंतीवरचं काहीही वाचतो. स्वतंत्र कलाकाराला याहून हुकमी वाचक मिळायचा नाही.

आठवड्यानं त्यानं पान लावलं. मेसमध्ये उभ्यानं वाचलं आणि, खरं सांगतो, आमटी थंड झाली.

त्यात आजी नव्हती. आमच्या सोसायटीचा पंप होता. सकाळी सहाला पंप सुरू होतो, त्याच वेळी रस्ता शांत असतो, म्हणून हाही तेव्हाच ध्वनिमुद्रण करतो. फोम लावून पाहिला, गादी लावून पाहिली, पंपाची गुणगुण काही जाईना. शेवटी त्यानं तिचा सूर मोजला. आपली वीज ५० हर्ट्झची. पंपाची मोटर तिच्या दुपटीनं, १०० हर्ट्झवर गुणगुणते. पेटीवर हा सूर पांढरी पाचच्या किंचित वर येतो, म्हणजे पेटीवर तो नाहीच. तेव्हा त्यानं गिटारच तेवढी किंचित चढी लावली, पंपाला षड्ज मानला आणि खाली तानपुरा धरावा तसा पंप धरून आख्खं गाणं गायलं. अंतऱ्यात गिटार गप्प का होते? कारण त्या क्षणी टाकी भरली, पंप बंद पडला. आधार गेल्यावर गळा कसा एकटा पडतो ते त्याला ऐकू आलं, आणि ती जागा त्यानं तशीच ठेवली.

चतुर पंडितानं वाचलं असतं तर पंप कुठल्या थाटात घालायचा यावर एक श्लोक नक्की केला असता. मी घरी येऊन ते गाणं तीन वेळा ऐकलं. त्याआधी, शेजारधर्म म्हणूनसुद्धा, एकदाही पुरतं ऐकलं नव्हतं.

मेसमधून पान फोटो होऊन फिरलं, फिरत फिरत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलं आणि पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी हरकत घेतली. त्यांच्या मते ही पंपाची बदनामी होती. नवीन मोटर बसवून दोन वर्षंही झाली नव्हती. सेक्रेटरींनी तातडीची बैठक बोलावली. निवृत्तीपूर्वी ते सरकारी हिशेब तपासनीस होते, त्यामुळे बदनामीत त्यांना रस नव्हता. त्यांनी विचारलं, “उत्पन्न किती झालं?”

मुलानं समजावलं. २०२४ पासून स्पॉटिफायवर नियम आहे की गाणं बारा महिन्यांत निदान १,००० वेळा वाजायला हवं. त्याच्या खाली दमडी नाही. याचं गाणं ८४० वर अडकलेलं. मुदत संपायला महिना उरलेला.

“आणि हजार झाले तर हक्क कुणाचा?”

आता मला राहवलं नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला आपला रॉयल्टीचा वाटा सहजी लिहून देता येत नाही, तो त्याचाच राहतो, असं मी सांगितलं. म्हणून तर काही हुशार मंडळी शब्द संतांचे घेतात. कवी जाऊन साठ वर्षं झाली की हक्क संपतो, आणि तुकोबांना जाऊन पावणेचारशेच्या आसपास वर्षं झाली.

“ते शब्दांचं झालं,” सेक्रेटरी म्हणाले. “षड्ज सोसायटीचा आहे.”

तिथून कुणाला बोलता येईना. काकूंची हरकत तिथल्या तिथे मावळली; उलट मोटर नवी असल्यानं सूर शुद्ध लागला, हे त्यांनी इतिवृत्तात नोंदवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात पाटी लागली. मी जशीच्या तशी देतो.

‘सर्व १६ सभासदांस कळविण्यात येते की, सोसायटीच्या पंपाचा सहभाग असलेले गीत प्रत्येक सदनिकेत या महिन्यात दहा वेळा वाजविणे बंधनकारक आहे. वाजविल्याची नोंद वॉचमनकडील वहीत करावी. दुपारी १ ते ४ या वेळेत वाजवू नये. हुकुमावरून.’

खाली कुणी तरी पेन्सिलनं लिहिलंय : ‘साथ समर्पक.’