गुडघ्याला गुडघा

रविवारी सकाळी नाशिकच्या गंगापूर रोडने मिसळ खायला निघालं, की हॉटेलांच्या आवारात महिंद्राच्या थारगाड्यांची रांग दिसते. उंच खांदे, रुंद टायर, पाठीवर स्टेपनी. मोहिमेवर निघालेलं पथक वाटेत न्याहारीला थांबावं, अशा थाटात त्या उभ्या असतात. साडेसहाशे मिलिमीटर खोल पाण्यातून ही गाडी पार होते असं कंपनीचे कागद सांगतात. म्हणजे जवळजवळ मांडीपर्यंत पाणी. त्या सकाळी तिच्या आसपास सगळ्यात खोल असतो तो मिसळीचा रस्सा, आणि त्यात उतरायचं काम शेवटी मालकालाच करावं लागतं. ते करता करता मालक मंडळी एकमेकांशी जे बोलतात, ते मी शेजारच्या टेबलावरून पाव संपला तरी ऐकत बसतो. गाडी एक नंबर आहे, असं सगळेच म्हणतात. एसी गारेगार आहे, आवाज येत नाही, मुंबईपर्यंत कंबर दुखत नाही. एवढं बोलून झालं, की सगळे थोडे उदास होतात. लेकीला चांगलं स्थळ मिळालं म्हणून आनंदात असलेला बाप मांडवात मध्येच गप्प होतो, तसे.

या उदासीला नाशकात एक वेगळी छटा आहे, कारण ही गाडी घडते इथेच. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटली की मोटरसायकलींचा जो लोंढा त्र्यंबक रोडवर येतो, त्यात अशी माणसं असतात ज्यांनी दिवसभर थारची दारं बसवली आणि आता स्वतः रेनकोट घालून, डब्याची पिशवी हँडलला अडकवून घरी निघाली आहेत. त्यांच्यातल्या एकाशी पानाच्या टपरीवर गाठ पडली. लोकांना जुनी जीपच आवडत होती म्हणे, असं मी सहज म्हणालो. त्याने माझ्याकडे शांतपणे पाहिलं आणि म्हणाला, ‘‘साहेब, तुम्ही दार लावल्यावर येतो तो आवाज ऐका, मग बोला.’’ त्यानंतर मी येताजाताना दारांचे आवाज ऐकू लागलो. त्याचं म्हणणं खरं आहे. जुन्या जीपचं दार लागायचं ते सगळ्या गल्लीला कळवून. तेही दार असलंच तर.

ही हळहळ कशाची, हे समजून घ्यायचं तर सीबीएस स्टँडजवळून त्र्यंबकला जाणारी काळी-पिवळी जीप आठवावी लागते. मागे दोन बाकं, समोरासमोर, आणि त्यांवर देवाची करणी आणि ड्रायव्हरची बोलणी यांच्या बळावर बसतील तेवढी माणसं. गुडघ्याला गुडघा भिडलेला. ड्रायव्हरच्या डाव्या हाताला दोघं, उजव्या हातालाही एक, त्यामुळे तो स्वतःच्याच गाडीत पाहुण्यासारखा तिरका बसलेला. गिअरचा दांडा कुणाच्या तरी पायांमध्ये. दुसऱ्यातून तिसरा टाकायचा झाला की तो अदबीने म्हणे, ‘‘काका, जरा पाय.’’ काका पाय आवरत, गाडी तिसऱ्यात जाई, आणि सगळ्या गाडीला एक सामुदायिक समाधान होई. समोरच्या माणसाकडे न पाहण्याची सोयच नव्हती. मग बोलणं आलं. सातपूरपर्यंत गाव विचारून होई, महिरावणीला आडनाव, आणि अंजनेरी दिसू लागेपर्यंत कुणाच्या पुतण्याची पत्रिका कुणाच्या भाचीशी जुळवायची हे जवळजवळ ठरलेलं असे. पावसाळ्यात कडेची ताडपत्री खाली सोडत. ती पाऊस आत येऊ देई, हवा मात्र अजिबात येऊ देत नसे. त्या अंधारात ओल्या घोंगडीचा, भाताच्या रोपांचा आणि डिझेलचा मिळून जो वास दाटे, तो आता कुठल्याही गाडीत जादा पैसे भरूनही बसवून मिळत नाही.

या जीपचा वंश मात्र मोठा. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन विलीसच्या सैनिकी जीपपर्यंत तो पोहोचतो. १९४५ साली मुंबईत महिंद्रा बंधूंनी गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर पोलादाच्या व्यापाराची पेढी काढली, तिचं नाव महिंद्रा अँड मोहम्मद. फाळणी झाली, भागीदार पाकिस्तानात गेले आणि तिथले पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ साली पेढी महिंद्रा अँड महिंद्रा झाली. विलीसच्या जीपचे सुटे भाग जोडण्यापासून सुरुवात करून पुढे कंपनी ती इथेच बनवू लागली. आपल्याकडे या गाडीने युद्धाशिवायही पुष्कळ काही केलं. पाटबंधारे खात्याच्या साहेबांना धरणावर नेलं, निवडणुकीत कर्णा लावून उमेदवाराचा घसा सांभाळला, वऱ्हाड वाहिलं, बाळंतिणीला दवाखान्यात पोचवलं. २०१० साली तिच्याच वळणाची थार आली. ती चालवणं म्हणजे अजूनही एक शारीरिक व्यायाम होता, म्हणून ती लोकांना आपली वाटली. मग २०२० साली १५ ऑगस्टला नवी थार दाखवली गेली आणि २ ऑक्टोबरला ती विकायला आली. मागचे पाटे गेले, कॉइल स्प्रिंग आल्या. टचस्क्रीनचा पडदा आला, ऑटोमॅटिक गिअर आला. सुरुवातीच्या एका स्वस्त मॉडेलमध्ये मागची बाकं समोरासमोर ठेवली होती. थोड्याच दिवसांत तेही मॉडेल बंद झालं. त्याच वर्षी ग्लोबल एनकॅपच्या सुरक्षा चाचणीत गाडीला चार तारे मिळाले. आता चार तारे हवेत आणि गुडघ्याला गुडघाही हवा, असं कसं चालेल?

पण माणूस असंच म्हणतो, आणि एकटा नाशिककरच म्हणतो असं नाही. इंग्लंडमध्ये जुन्या लँड रोव्हर डिफेंडरचं उत्पादन जानेवारी २०१६ मध्ये थांबलं, तेव्हा तिकडेही मोठा शोक झाला. काही वर्षांनी नवी डिफेंडर आली. गुळगुळीत, सुखासीन, हुशार. जिम रॅटक्लिफ नावाच्या एका उद्योगपतीला जुन्या गाडीचा वियोग इतका सोसेना, की त्याने तशाच धाटणीची वेगळी गाडी स्वतःच काढली. लंडनच्या ज्या पबमध्ये ही कल्पना निघाली त्याचंच नाव तिला दिलं, ग्रेनेडियर. फ्रान्समधल्या ज्या कारखान्यात ही धिप्पाड गाडी तयार होऊ लागली, तिथे पूर्वी स्मार्ट नावाची चिमुकली शहरी गाडी बनत असे. आपल्याकडे जुनी वस्तू गेली की माणूस फार तर दोन दिवस जेवत नाही. पैसे असले की हळहळसुद्धा केवढी अवजड होऊ शकते!

आमचे दाजी पिंपळगाव बसवंतचे, द्राक्षबागायतदार. त्यांच्याकडे या घराण्याच्या तीन पिढ्या नांदल्या. पहिली एमएम ५४०, जी अजून बागेतल्या शेडमध्ये कॅरेटांच्या थप्पीआड उभी आहे. मग २०२०ची थार. आणि आता थार रॉक्स, पाच दारांची. २०२४च्या ऑक्टोबरात हिचं बुकिंग उघडलं तेव्हा पहिल्या तासात १,७६,२१८ जणांनी नाव नोंदवलं, असा कंपनीचा आकडा आहे. इतक्या गर्दीत गाडी मिळवूनही दाजींच्या चेहऱ्यावर विजयाची खूण नव्हती. गाडीची आतली गादी पांढरीशुभ्र. फोर बाय फोर घेणाऱ्यांसाठी तपकिरी रंगही निघाला होता, पण दाजींनी पांढराच पसंत केला, कारण तो ‘उठून दिसतो’. तो इतका उठून दिसू लागला, की गोडी छाटणीच्या दिवसांत, बुटांना काळी माती आणि हातांना औषधाचा वास असताना, त्यांनी तिच्यावर जुन्या चादरी अंथरल्या. आता उठून दिसतात त्या चादरींवरची फुलं. पहिला पाऊस झाला त्या दिवशी दाजी मुद्दाम गाडी काढून बसले. जुन्या जीपमध्ये हुडाच्या शिवणीतून पहिला थेंब नेमका डाव्या गुडघ्यावर पडायचा. या गाडीत काही पडलंच नाही. ‘‘पाऊस झाला हे मला काचेवरून कळलं,’’ असं ते माझ्या बहिणीला सांगत होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि गॅस बारीक केला.

पाचव्या दाराबद्दल दाजींचे मित्रही टोमणे मारतात. थार ती तीन दारांचीच. चार माणसांना चार दारं द्यायची तर मग साधी कार काय वाईट? यात थोडं तथ्य आहे. तीन दारांच्या थारमध्ये मागे बसायचं म्हणजे पुढची सीट वाकवून, स्वतः वाकून, एक पाय आत आणि एक मनात ठेवून शिरायचं. तरुणपणी ते साहस वाटतं. पण दाजींची आई, आमच्या सगळ्यांच्या माई, ऐंशीच्या घरातल्या. त्यांना पुढे बसवता आलं असतं, पण ‘‘नातवंडं मागे आणि मी राणीसारखी पुढे?’’ हे त्यांना पटत नसे. त्यामुळे सप्तशृंग गडावर जायचं निघालं, की त्या शेगडीवरचं दूध उतरवता उतरवता म्हणत, ‘‘तुम्ही जाऊन या.’’ असं चार वर्षं चाललं. त्यांना कुणी बोलवलं नाही असं नव्हतं. गाडीने बोलवलं नव्हतं. रॉक्समध्ये चाकांमधलं अंतर ४०० मिलिमीटरने वाढलं. सोळा इंचाला जरा कमी. एक म्हातारं माणूस आपल्या पिशवीसकट नीट मावतं एवढंच ते अंतर. एवढ्या वाढीव जागेसाठी मोठमोठ्या अभियंत्यांनी काय काय हिशेब केले असतील ते असोत, पिंपळगावात तिचा उपयोग हा झाला.

मध्यंतरी एकदा माई मागच्या दाराने, पायरीवर पाय ठेवून, दाजींच्या खांद्याचा आधार घेऊन रॉक्समध्ये बसल्या. दाजींनी हौसेने छताचा पडदा सरकवला, मोठीच्या मोठी काच उघडी झाली. माईंनी वर पाहिलं, पदर डोक्यावर ओढला आणि म्हणाल्या, ‘‘ऊन येतंय, लाव ते.’’ वणी यायच्या आतच त्यांना झोप लागली. नांदुरीचा घाट चढून वर पोचलो, दर्शन झालं, ओटी भरून झाली. मग दाजींनी न राहवून विचारलं, गाडी कशी वाटली? माईंनी प्रसादाचा पेढा तोंडात टाकून विचार केला. गादीसारखी आहे म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, ‘‘पण कोणाशी बोलले नाही बघ. सगळ्यांची तोंडं पुढे. दिसायला काय, तर ड्रायव्हरचं टक्कल. त्या जुन्या जीपमध्ये गडापर्यंत पोचायच्या आत भांडणंसुद्धा मिटायची.’’

टकलाचा उल्लेख दाजींनी मनावर घेतला नाही. जुन्या जीपवरचं प्रेम ही आपली एकट्याची खोड नाही, घराण्यातच आहे, याचा त्यांना इतका आनंद झाला की घरी आल्यावर त्यांनी शेडमधले कॅरेट हलवायला घेतले आणि एमएम ५४०ची बॅटरी चार्जिंगला लावली. पुढच्या वेळी गडावर तिच्यातूनच जायचं ठरलं. बाकावर चढायला माईंसाठी लाकडी स्टूल घ्यायचं, तेही ठरलं. माईंनी एकच अट घातली: जाताना जुनी, येताना मात्र नवी, कंबर आपली एकच आहे. म्हणजे गडावर दोन्ही गाड्या न्यायच्या. मग जुनी खाली परत कोण आणणार, असा प्रश्न निघाला, आणि सगळे माझ्याकडे बघू लागले.