नागपूरला जायचं झालं तर?

(नाशिक, इंदिरानगर, तिसरा मजला. रविवार संध्याकाळ. गॅलरीतून खाली बारा वर्षांची पेट्रोल गाडी दिसते. तिच्या डाव्या दारावर एक ओरखडा आहे. तो कुणी पाडला यावर घरात दोन मतं आहेत. ती पंचवटीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवते, तो सातपूरच्या एका कारखान्यात हिशेब बघतो. दोघांनाही आधार कार्डावर नावं आहेत, पण लग्नाच्या बावीस वर्षांत ती घरात कुणी वापरलेली नाहीत. म्हणून ते एकमेकांना जे म्हणतात तेच आपणही म्हणू.)

अगं : अहो, पुढची गाडी विजेवरची घ्यायची.

अहो : विचारते आहेस की सांगते आहेस?

अगं : विचारतेय. उत्तर ठरलंय.

अहो : मग एकच सांग. उद्या नागपूरला जायचं झालं तर?

अगं : नागपूरला काय आहे?

अहो : आत्या आहे.

अगं : लग्नानंतर आत्याबाईंकडे आपण किती वेळा गेलो?

अहो : एकदा.

अगं : कशाने?

अहो : (जरा थांबून) सेवाग्राम एक्सप्रेसने.

अगं : म्हणजे पेट्रोलची टाकी भरलेली गाडी दारात असताना आपण रेल्वेने गेलो.

अहो : तेव्हा समृद्धी महामार्ग नव्हता. आता ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पाही सुरू झाला. सगळा मिळून ७०१ किलोमीटर. सिन्नरला वर चढलं की थेट नागपूर.

अगं : आणि राज्याच्या २०२५ च्या धोरणात त्याच समृद्धीवर विजेच्या मोटारींना टोलमाफी आहे.

अहो : काय सांगतेस! मग तर नागपूरला जायलाच पाहिजे.

अगं : जाऊ. सहाशेच्या आसपास किलोमीटर आहे, वाटेत दोनदा चार्जिंगला थांबू.

अहो : दोनदा! आणि प्रत्येक वेळी तासभर?

अगं : मोठा डीसी चार्जर मिळाला तर साधारण तासाभरात दहा टक्क्यांवरून ऐंशीवर जाते. आणि तुम्ही न थांबता गाडी चालवल्याचं मला तरी आठवत नाही. तुमचा चहा, आईंची गोळी, गोळीच्या आधीचं खाणं, खाण्यानंतरची शतपावली. डोंबिवलीला जातानासुद्धा इगतपुरीला आपला पाऊण तास जातो.

अहो : आणि चार्जरपाशी आपल्या आधी दोघं उभे असले तर? किंवा चार्जर बंदच असला तर?

अगं : ते मात्र खरं आहे. अ‍ॅपवर आधी बघून निघायचं, आणि पुढच्या चार्जरपर्यंत पोचेल एवढं शिल्लक ठेवायचं.

(मुद्दा मान्य झाल्यामुळे त्याची पंचाईत होते. भांडणाच्या तयारीने आलेल्या माणसाला होकार मिळाला की तो दुसरा मुद्दा शोधू लागतो.)

अहो : आणि कंपनी सांगते एका चार्जिंगमध्ये साडेचारशे. तो पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेचा आकडा. रस्त्यावर तीनशे धर.

अगं : पुण्याने दिलेल्या आकड्यातून तुम्ही परस्पर दीडशे वजा करता? कमाल आहे तुमची. बरं, तीनशे. आता मला सांगा, ही गाडी चालवतं कोण?

अहो : आपण.

अगं : सोमवार ते शनिवार मी. तुम्ही कंपनीच्या बसने जाता. इथून पंचवटी, जाऊन-येऊन वीस किलोमीटर. तीनशेला वीसने भागा.

अहो : पंधरा.

अगं : पंधरा दिवस. आणि त्या वीस किलोमीटरला जो वेळ लागतो, त्यातला निम्मा द्वारकेच्या सर्कलला उभं राहण्यात जातो. उभ्याउभ्या आपली गाडी पेट्रोल पिते. विजेची गाडी थांबली की मोटार थांबते, फक्त एसी आणि रेडिओ चालतो.

अहो : २०२७ मध्ये सिंहस्थाची पर्वणी आहे. तेव्हा द्वारका कशी असेल?

अगं : तेव्हा गाडी घरीच असेल. फुल्ल चार्ज.

अहो : बरं, नागपूर सोड. डोंबिवलीचं बोल. तुझं माहेर. मध्ये कसारा घाट आहे.

अगं : घाटाचं तर उलट आहे. उतारावर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की मोटारच जनित्र होते आणि बॅटरी भरायला लागते. आपल्या गाडीत ती ताकद ब्रेक तापवण्यात जाते.

अहो : किती भरते?

अगं : इगतपुरी ते कसारा तीनशे मीटरचा उतार. गाडी दीड टनाची. मी गणित केलंय, जेमतेम एक युनिट. सहा-सात किलोमीटर.

अहो : एवढ्यासाठी एवढं कौतुक?

अगं : तुमची गाडी घाट उतरताना पावशेर तरी पेट्रोल टाकीत परत घालते का?

अहो : आणि येताना?

अगं : येताना चढ. जास्त खर्च होते.

अहो : म्हणजे माहेरी जाताना बॅटरी भरते आणि सासरी येताना उतरते!

अगं : बावीस वर्षं माझं तेच चाललंय. त्यासाठी कुणी मला सबसिडी दिली नाही.

(इथे तो हसतो. तीही हसते, पण जरा उशिरा.)

अहो : तरी विजेवर घाट चढायचा हे मनाला पटत नाही गं.

अगं : कल्याण ते इगतपुरी रेल्वे १९३० च्या सुमारास विजेवर आली. तुमचे आजोबा मुंबईहून आंबे घेऊन यायचे, ते विजेवरच घाट चढून.

अहो : पण कसाऱ्याला गाडीला मागून जादा इंजिनं लावतात.

अगं : आपल्या मागच्या सीटवर आई असतात.

अहो : आई ढकलत नाही. ती "हळू, हळू" म्हणते.

अगं : मग बॅटरी आणखी भरेल.

अहो : हे सगळं नवं फॅड आहे. पाच वर्षांनी लोक परत पेट्रोलवर येतील.

अगं : नवं? ज्या हेन्री फोर्डने अख्ख्या अमेरिकेला पेट्रोलच्या गाडीत बसवलं, त्याची बायको क्लारा स्वतः काय चालवायची माहीत आहे? १९१४ ची डेट्रॉइट इलेक्ट्रिक. विजेवरची.

अहो : आणि तो काही बोलला नाही?

अगं : त्यानेच घेऊन दिली.

अहो : फोर्डला परवडत होतं. आपल्याला ही गाडी पेट्रोलपेक्षा दोन-तीन लाखांनी महाग पडणार. नोटा छापायचा कारखाना नाशिकरोडला आहे, आपल्या माळ्यावर नाही.

अगं : हिशेब तुमचा धंदा आहे ना? करा. महिन्याला सहाशे किलोमीटर. आपली गाडी शहरात लिटरला बारा देते.

अहो : पन्नास लिटर. शंभराच्या वर भाव. पाच हजारांच्या पुढे.

अगं : विजेवर युनिटला सहा-सात किलोमीटर. शंभर युनिट धरा. आपण बिलाच्या वरच्या टप्प्यात जाऊ, म्हणून दरही चढा धरा. तरी दीड-दोन हजार. शिवाय गाडी घेताना मोटार वाहन कर माफ.

अहो : (कागदावर) महिन्याला तीन हजार वाचले. वर्षाला छत्तीस. तीन लाख फिटायला आठ वर्षं. आणि बॅटरीची वॉरंटी?

अगं : बहुतेक आठ वर्षांची.

अहो : म्हणजे ज्या दिवशी पैसे फिटणार त्या दिवशी बॅटरी बसणार.

अगं : वॉरंटी संपली म्हणजे वस्तू संपली का? आपला मिक्सर लग्नातला आहे. त्याची वॉरंटी एक वर्षाची होती. चालतोय ना?

अहो : चालतो. पण वरचे लोक जागे होतात.

अगं : म्हणूनच म्हणते, आवाज न करणारं काहीतरी घेऊ.

अहो : बरं, प्रदूषण नाही असं तरी म्हणू नकोस. वीज येते कुठून? एकलहऱ्याला कोळसा जळतो, हे तूच मुलांना सहलीत दाखवतेस. धूर फक्त इंदिरानगरहून एकलहऱ्याला गेला.

अगं : अर्धं खरं आहे. कोळशातली निम्म्याहून जास्त उष्णता तिथे वाया जाते. पण इंजिनातही पेट्रोलच्या उष्णतेतला पाव हिस्सा चाकापर्यंत पोचला तर खूप. मोटार मात्र मिळालेली बहुतेक सगळी वीज चाकाला देते. शिवाय तारेतून उद्या सौर वीज आली तर गाडी बदलावी लागत नाही. पेट्रोलचं काय करणार, उन्हात ठेवणार?

(बेल वाजते. दारात सोसायटीचे सेक्रेटरी, मेंटेनन्सची पावती घेऊन. सेक्रेटरी ही व्यक्ती नसते, प्रवृत्ती असते. त्यांचंही नाव नको.)

अगं : या काका, बरं झालं आलात. आम्हाला पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट घ्यायचाय.

सेक्रेटरी : हा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा लागेल वहिनी.

अगं : सभा कधी आहे?

सेक्रेटरी : गेल्या महिन्यात झाली.

अहो : मग पुढची?

सेक्रेटरी : साहेब, वार्षिक आहे ती.

अगं : पण वीज आमच्याच मीटरची. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या नियमावलीत आहे, घरच्या जोडणीवरून गाडी चार्ज करता येते.

सेक्रेटरी : मंत्रालय दिल्लीला आहे वहिनी. तळमजल्यावर मी आहे. मंजूर भार किती तुमचा?

अगं : तीन किलोवॅट. गाडीचा साधा चार्जरच सव्वातीनच्या आसपास घेतो. भार वाढवायला महावितरणकडे अर्ज करू. पंधरा अ‍ॅम्पियरचा सॉकेट, वेगळा एमसीबी, चांगलं अर्थिंग.

सेक्रेटरी : मीटर रूम ए विंगला. तुमचं पार्किंग सी विंगच्या मागे. मध्ये तुळस आहे.

अहो : केबल तुळशीला वळसा घालून नेऊ.

(आपण कुणाच्या बाजूने बोललो हे लक्षात येऊन तो गप्प होतो.)

सेक्रेटरी : आणि बॅटरी पेटली तर?

अगं : खाली आत्ता चाळीस पेट्रोलच्या टाक्या उभ्या आहेत, त्या पेटल्या तर?

सेक्रेटरी : त्या जुन्या सभासदांच्या आहेत.

अगं : अजून काही अडचण?

सेक्रेटरी : तुम्हाला दिला की सगळे मागतील. चाळीस गाड्या रात्री एकदम लागल्या की ट्रान्सफॉर्मर उडेल.

अगं : आत्ता किती जणांकडे आहे विजेची गाडी?

सेक्रेटरी : कुणाकडेच नाही. पण उद्या झाल्या तर?

अगं : काका, तुमचीही आत्या नागपूरला असते का?

सेक्रेटरी : माझी? नाही, अमळनेरला. का?

अहो : काही नाही, घरातला विषय आहे.

सेक्रेटरी : बरं, अर्ज द्या. दोन प्रतीत. ना हरकत मिळेल. फक्त त्यात तीन हरकती असतील.

(सेक्रेटरी जातात. मेंटेनन्सची पावती द्यायची राहते. तो गॅलरीत जाऊन खालची गाडी बघतो, मग सी विंग बघतो, मग बोटाने हवेत केबलचा मार्ग आखतो.)

अहो : समजा घेतली. समजा हं. पेट्रोलला आपण दहा दिवसांतून एकदा पंपावर जातो. हिला वायर लावायची कधी?

अगं : आठवड्यातून एकदा, रात्री झोपताना. सोपं.

अहो : ते सोपं. पण लावायची कुणी?

अगं : हा आजचा पहिला खरा प्रश्न. रात्री झोपताना मी दूध विरजते, कडधान्य भिजत घालते, गॅसचं बटण बघते, आईंचं पाणी ठेवते, दाराची कडी लावते आणि तुम्ही चालू ठेवलेला टीव्ही बंद करते. त्यात आता तीन मजले उतरून गाडी?

अहो : मी लावीन.

अगं : तुम्ही? रोज सकाळी तुमच्या मोबाइलला अकरा टक्के चार्जिंग असतं.

अहो : त्यात काय. गाडीचं अ‍ॅप असतं. बॅटरी उतरली की ते मोबाइलवर आठवण करून देतं.

अगं : बंद पडलेल्या मोबाइलवर?