तिला नाव होतं

अमेरिकी गायिका बियॉन्से आणि तिचा नवरा, रॅपर जे-झी, पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात मोनालिसाकडे पाठ करून उभे राहिले आणि अनेकांनी निकाल देऊन टाकला: श्रीमंतीचा थाट! जून २०१८ मधल्या ‘एपशिट’ या त्यांच्या गाण्याच्या व्हिडिओबद्दल हा शेरा अजून ऐकू येतो. मला तो आळशी वाटतो. पैसा दिसतोच, पण डोळे तिथेच का अडकावेत?

जवळच्याच दालनात फ्रेंच चित्रकार दाविदचं चित्र आहे, जवळपास दहा मीटर रुंद. नेपोलियन बायकोला, जोसेफिनला, मुकुट घालतोय. व्हिडिओत त्या चित्रापुढे कृष्णवर्णीय नर्तकी हातात हात गुंफून नाचतात, अंगावर आपापल्या कातडीच्या रंगाचे कपडे. फ्रान्सनं १७९४ मध्ये वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली होती. १८०२ मध्ये ती परत आणली याच नेपोलियननं. जोसेफिनचं माहेर मार्टिनिकचं, कॅरिबियनमधल्या फ्रेंच वसाहतीतलं. उसाचा मळा घरचा, राबणारे हात गुलामांचे. त्या भिंतीपुढे या बायकांनी पाय आपटणं ही नुसती चैन नाही.

मग पडद्यावर एक चेहरा येतो. डोक्याला पांढरं फडकं, नजर थेट आपल्यावर. मारी-गियमिन बेन्वानं हे चित्र १८०० मध्ये मांडलं, गुलामगिरी गेली आणि परत आली त्या मधल्या आठ वर्षांत. शीर्षक दिलं, ‘एका निग्रो स्त्रीचं चित्र’. चित्रकर्तीला नाव, चित्रातलीला फक्त रंग. ती होती माडलेन, ग्वादलूप या दुसऱ्या कॅरिबियन वसाहतीतून आणलेली, चित्रकर्तीच्या दिराच्या घरची मोलकरीण. पॅरिसच्याच ऑर्से संग्रहालयानं २०१९ च्या प्रदर्शनात हे चित्र तिच्या नावानं लावलं. दोनशेहून जास्त वर्षं लागली!

जे-झी ज्यातून आला त्या हिप-हॉपला नाव हिरावलं जाण्याचं हे दुखणं आतून कळतं. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये ते जन्मलं, तेव्हापासून रॅपर माईक हातात घेतला की आधी स्वतःचं नाव सांगतो. त्याच काळात पोरं आगगाडीच्या डब्यांवर रंगानं स्वतःचं नाव लिहीत होती. ज्यांच्या पणज्यांना मालकाचं आडनाव चिकटवलं गेलं, त्यांच्यासाठी नाव उच्चारणं हाच वारसा.

आपल्याकडची मंडळी युरोप सहलीला जातात, मोनालिसासमोरच्या गर्दीत फोन उंच धरतात आणि बसकडे पळतात. यंदा जाणार असाल तर लूव्रमध्ये माडलेनचं चित्र कुठे आहे ते विचारून घ्या. दोन मिनिटं तिच्यापुढे थांबा आणि तिला नावानं हाक मारा.