मार्जारवाटिकामीमांसा

१. विषयाची थोरवी

वसईचा इतिहास आजवर किल्ल्याच्या बाजूनं लिहिला गेला. पोर्तुगीजांच्या हाती वसई १५३४ मध्ये आली, चिमाजी आप्पांनी ती १७३९ मध्ये घेतली, आणि या दोन सनांच्या मध्ये कोणत्या बुरुजावर कोणाचं मांजर ऊन खात बसलं होतं याबद्दल इतिहासकार चकार शब्द काढत नाहीत. ही उणीव भरून काढणं प्रस्तुत लेखकाच्या आवाक्याबाहेरचं आहे. इथला प्रश्न त्याहून लहान, म्हणूनच अधिक कठीण: वसईतल्या सांडोरात, घराला लागून जाळीनं बंद केलेल्या जागेत, मांजर सुखरूप राहील अशी कोणती झाडं लावावीत?

अभ्यासक्षेत्र म्हणून सांडोर सोयीचं आहे. कौलारू घर, मागे उरलेली वाडी, वाडीत केळी, आणि त्याच रस्त्यावर इमारतींच्या खिडक्यांना बॉक्स ग्रिल. म्हणजे बंदिस्त बागेचे दोन्ही प्रकार हाकेच्या अंतरावर. पहिला पडवीप्रकार: जुन्या घराची पडवी जाळी मारून बंद केलेली. दुसरा ग्रिलप्रकार: तिसऱ्या मजल्यावरचा लोखंडी पिंजरा, त्यात चार कुंड्या, एक जुनी बादली, वाळत घातलेले मोजे आणि मांजर. परदेशात याला कॅटिओ म्हणतात आणि त्यासाठी खास कारागीर बोलावतात. आपल्याकडे ग्रिलवाला तो बसवून जातो आणि आपण काय बसवलं हे त्याला ठाऊकही नसतं. दोन्ही प्रकारांना एकच पूर्वअट: नायलॉनच्या कबुतरजाळीवर विसंबू नये. ती कबुतरासाठी असते. नखं आणि दात असलेल्या, वेळच वेळ असलेल्या प्राण्यासाठी तारेची जाळी लागते.

२. मांजर झाड का खातं

मांजर मांसाहारी, हे सर्वमान्य. तरीही ते पान चावतं, हेही सर्वमान्य. शास्त्र अशा विसंगतीवरच जगतं.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी हजाराच्या आसपास मांजरपालकांना विचारलं. ७१ टक्क्यांनी आपल्या मांजराला किमान सहा वेळा झाडपाला खाताना पाहिलं होतं. खाल्ल्यावर वारंवार ओकणारी मांजरं मात्र साधारण चौथा हिस्सा. म्हणजे पोट बिघडलं, ओकायचं आहे, म्हणून मांजर गवत खातं, ही घरोघरची उपपत्ती टिकत नाही. संशोधकांचा कौल असा, की रानातल्या पूर्वजांना गवतामुळे आतड्यातले जंत बाहेर टाकायला मदत होत असावी. जंत गेले तरी सवय राहिली.

प्रत्यक्ष पाहणीत क्रिया अशी दिसते. मांजर प्रथम पानाचं टोक हुंगतं. मग मान तिरकी करून पान जबड्याच्या बाजूला, दाढांकडे नेतं, कारण पुढचे दात त्या कामाचे नाहीत. दोनदा करकर चावतं, डोकं झटकतं, आणि अर्धं पान तोंडाच्या कडेला लोंबत ठेवून आपल्याकडे असं पाहतं की जणू आपणच काही गैर करत होतो. यावरून पहिलं सूत्र:

मार्जारो न खादति, परीक्षते।

मांजर खात नाही, परीक्षा घेतं. नापास होण्याची पाळी मात्र त्याच्याच मूत्रपिंडावर येते.

३. पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष

पूर्वपक्ष शेजारच्या काकूंचा आहे. ग्रिलमधली झाडं हलवताना पाहून त्या म्हणतात, “अरे, एवढं काय! मुक्या जनावराला बरोबर कळतं काय खायचं नि काय नाही ते. आमच्या वाडीत मांजरं हिंडायची, कोण बघायला जात होतं?”

युक्तिवाद भक्कम दिसतो. पण घरमांजराचा पूर्वज आफ्रिकी रानमांजर, पश्चिम आशियाच्या कोरड्या मुलखातला. माणसाच्या सोबतीला तो दहाएक हजार वर्षांपूर्वी लागला. त्याच्या उपजत ज्ञानात उंदीर आहे, पाल आहे. फुलवाल्यानं सेलोफेनमध्ये गुंडाळून दिलेली लिली त्यात नाही. शिवाय वाडीतल्या मांजराला हजार वास होते, शंभर उद्योग होते. ग्रिलमधल्या मांजराला चार कुंड्या आणि अख्खी दुपार. रिकाम्या दुपारी कोणीही नको ते चावून बघतं.

यात शरीराचाही दोष. वनस्पतींतली कित्येक रसायनं निकामी करण्यासाठी इतर बहुतेक सस्तन प्राण्यांच्या यकृतात जी यंत्रणा असते, तिच्यातला एक महत्त्वाचा जनुक मांजरात मोडून पडलेला आहे. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, ती यामुळेच. सबब “कुत्र्याला चाललं, मांजरालाही चालेल” हा न्याय इथे लागू नाही.

४. वर्ज्यप्रकरण

अग्रपूजेचा मान लिलीचा. खरी लिली आणि डे-लिली या दोन्हींचं पान, पाकळी, देठ, अंगावर सांडलेला आणि मग चाटलेला पराग, इतकंच काय, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराचं मूत्रपिंड बंद पाडू शकतं. कुत्र्याच्या मूत्रपिंडाला हा त्रास होत नाही. लिलीचं वैर नेमकं मांजराशी. सुरुवातीला ओकारी, सुस्ती. मग एकदोन दिवसांत मामला हाताबाहेर. म्हणून संशय आला की लक्षणांची वाट न पाहता त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासाला पशुवैद्य गाठायचा. ईस्टरला पांढरी लिली अल्तारावर फार शोभते. तिथेच शोभू द्यावी; मिस्सानंतर “एक काडी घरी नेऊ” हा मोह टाळावा. पीस लिली नावापुरतीच लिली, तिची गणना पुढे अळूच्या गोतात.

दुसरा सायकस. बंगल्याच्या फाटकाशी दोन्ही बाजूंना द्वारपालासारखा उभा करतात तो. सगळं झाड विषारी, बी सर्वांत जास्त, आणि घाला यकृतावर.

तिसरा वर्ग हृदयाशी खेळणाऱ्यांचा: कण्हेर, तिची पिवळी बहीण बिट्टी, अडेनियम, पानफुटी. सदाफुलीही याच पंगतीत बसवावी, जरी तिचा हल्ला वेगळ्या वाटेनं होतो. जिच्यापासून कर्करोगाची औषधं काढतात, ती चघळायला ठेवण्याची वस्तू नव्हे.

चौथा वर्ग तोंड खाजवणाऱ्यांचा: मनी प्लांट, डिफेनबाकिया, मॉन्स्टेरा, पीस लिली आणि आपलं घरचं अळू. यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात. अळूवडीला चिंच का लागते हे जिला माहीत आहे, तिला हा परिच्छेद समजावून सांगायची गरज नाही. मांजर लाळ गाळतं, पंजानं तोंड पुसतं, सहसा जिवावर बेतत नाही.

पाचवा वर्ग सज्जन वाटणाऱ्यांचा. शेवंतीत कीटकनाशकाचे घटक असतात. कोरफड माणसाच्या गालाला चांगली, मांजराच्या पोटाला वाईट. गवती चहा नावानं गवत, म्हणून मांजर त्यावर पहिलं तुटून पडतं आणि पोट बिघडवून घेतं. ज्या ओव्याच्या पानांची आपण भजी करतो तीही त्याला सोसत नाहीत. उलट नाताळातली पॉइन्सेटिया बदनाम फार, अपराध थोडा; चीक तोंडाला लागला तर जळजळ, क्वचित ओकारी.

५. ग्राह्यप्रकरण

आता सुवार्ता. केळ निर्धोक आहे. वसईची सुकेळी प्रसिद्ध, पण मांजराला त्यांचं सोयरसुतक नाही: गोड चव ओळखणारा जनुकच त्याच्यात मोडलेला आहे. पडवीप्रकारात कोपऱ्यातली केळ सावली देते आणि तिचं पान फाटेपर्यंत मांजराला काम पुरवते. मोगरा निर्धोक, गुलाबही. काट्याचा हिशेब गुलाब आणि मांजर आपसात मिटवतात.

ग्रिलप्रकारासाठी अरेका पाम, बॉस्टन फर्न आणि स्पायडर प्लांट. स्पायडर प्लांट टांगून लावावा, कारण त्याची लोंबती पिल्लं मांजराच्या मते झाड नसून खेळणं आहेत, आणि या मताचा प्रतिवाद करणारं प्रमाण प्रस्तुत लेखकाला सापडलेलं नाही.

चघळण्यासाठी स्वतंत्र कुंडी हवीच: गव्हाची. घरच्या डब्यातला गहू रात्रभर भिजवावा, पसरट कुंडीत दाट पेरावा. आठवडाभरात हातभर नाही तरी बोटभर हिरवळ येते. नाताळच्या गोठ्यासाठी जे घर परडीत धान्य उगवतं, त्याला ही विद्या नवी नाही, फक्त आता ती बारा महिने करायची. पेरणीसाठी दुकानातलं बियाणं आणू नये, त्याला औषध चोळलेलं असतं. आणि ज्वारी पेरू नये. कोवळी ज्वारी गुरांना का बाधते हे कुठल्याही शेतकऱ्याला विचारावं.

मौजेसाठी खोकली. पावसाळ्यात कुंपणाशी आपोआप उगवणारं हे तण. त्याच्या उपटलेल्या मुळाच्या वासानं कित्येक मांजरं लोळू लागतात. परदेशी कॅटनिपचा हा देशी, फुकटचा जोडीदार. मूळ हुंगायला द्यावं, पोटभर खायला नाही.

६. पुरवणी: मातीविषयी

निर्धोक झाडही विषारी करता येतं. कुत्र्याच्या गोचिडांसाठीचं पर्मेथ्रिन आणि गोगलगायींसाठीचं आमिष जाळीच्या आत येता कामा नये. किडीला साबणाच्या पाण्यानं धुवावं, मग पान स्वच्छ पाण्यानं धुवावं. हाडांच्या खताचा वास मांजराला जेवणाचं निमंत्रण वाटतो, तेव्हा तेही नको. शेणखत किंवा गांडूळखत पुरे.

७. सिद्धान्त

वरील विवेचनावरून दिसेल, की ही निवड झाडांची नाहीच. केळ, मोगरा, गुलाब, गहू यांच्यासाठी प्रबंधाची गरज नव्हती. ते तसेही लावले असते. कस लागतो तो वर्ज्यप्रकरणात. मनी प्लांट समृद्धीसाठी ठेवलेला असतो, सायकस पाहुण्यांसाठी, लिली भक्तीसाठी, गवती चहा सर्दीसाठी. जाळी मारली की मालकाला ठरवावं लागतं, की आपल्या कोणकोणत्या हौसेवर पाणी सोडायचं. म्हणून दुसरं आणि शेवटचं सूत्र:

वाटिका मार्जारस्य, त्यागः स्वामिनः।

बाग मांजराची, त्याग मालकाचा. या त्यागाची मांजर दखल घेईल अशी अपेक्षा ठेवणं अशास्त्रीय होय. सगळी निर्धोक झाडं लावून झाल्यावर एक कुंडी मातीनं भरून मोकळी सोडावी, कारण मांजर अखेर तिच्यातच बसणार आहे. आणि ती सोडली नाही, तर मोगऱ्याच्या कुंडीत.